हलगी रक्तात नसते

“चपला काढ.”

सर म्हणाले तेव्हा मी कॉलेजच्या स्टेजवर उभा होतो. गळ्यात हलगी. मुलुंडचं कॉलेज, पंच्याऐंशी साल असेल. मी एस. वाय. बी. ए.ला. गॅदरिंगला ‘आपण सारे एक’ नावाचा कार्यक्रम होता, त्याची तालीम. सगळ्या जातीधर्माच्या पोरांना सामावून घ्यायचं, एकमेकांची संस्कृती समजून घ्यायची, असं सर वर्गात भारावून बोलले होते. आणि समजून घेतलं ते असं: कोळीवाड्यातल्या मेरीचा बाप टपाल खात्यात, पण तिच्या डोक्यावर मासळीची पाटी. कॉलेजचा जी. एस. फेटा बांधून गावचा पाटील, पालखीसोबत. आणि मी गोवंडीचा, राखीव जागेवरचा, म्हणून पालखीपुढे वाकून हलगी बडवायची.

“सर, मला वाजवता येत नाही.”

“अरे, तुमच्या रक्तातच असतं ते. लाजतोस काय? मान देतोय तुला. चपला काढ, खरंखुरं वाटलं पाहिजे.”

पोरं खिदळली. माझं डोकं सणकलं.

रक्त म्हणे! रक्ताचं मी सांगतो. माझा बाप गावात हलगी वाजवायचा. अनवाणी. लग्नात, मयतात, बोलावतील तिथं. एका वर्षी आमच्या वस्तीनं ठरवलं, यापुढे वाजवायचं नाही. जत्रेच्या दिवशी गावानं बापाला चावडीसमोर पाडलं. एकानं छातीवर पाय दिला. दुसऱ्यानं उजवा हात दगडावर धरला आणि तिसऱ्यानं वरून दगड घातला. पुन्हा घातला. मिरची ठेचतात तसा हात ठेचला. आई किंचाळत होती, मी तिचा पदर धरून बघत होतो. मग गाव सुटलं आणि आम्ही गोवंडीला आलो, कचऱ्याच्या डम्पिंगच्या धुरात. बाप डाव्या हातानं जेवायला शिकला. घरात आम्ही पोरांनी ताटली जरी बडवली तरी तो अंगावर धावून यायचा. मला हलगी येणार कुठून?

हे सरांना सांगायला मी तोंड उघडलं. जी. एस.नं बोलूच दिलं नाही. भूमिकेत शिरला होता भडवा.

“ए शाण्या, पाटलासमोर चपला घालून उभा राहतोस?” म्हणाला आणि खाडकन माझ्या कानाखाली जाळ काढला.

सर टाळी वाजवून म्हणाले, “वा! हे ठेवू या.”

माझ्या हातात हलगीचं टिपरू होतं. तेच त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, फेटा उडाला. मग चारपाच जण माझ्यावर तुटून पडले. लाथा, बुक्क्या, आईवरून शिव्या. एकानं माझा उजवा हात बुटाखाली दाबला. उजवाच! मला बापाचा हात दिसला. मी त्याच्या पोटरीला चावलो, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. सुटलो, उठलो, आणि खाली पडलेल्या हलगीवर टाच मारली. कातडं फाटून पाय चपलेसकट आरपार गेला. मेरीनं पाटी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. बाकी कुणी हललं नाही.

प्रिन्सिपॉल म्हणाले, “उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर नाव काढून टाकतो.” जी. एस.ला कुणी काही विचारलं नाही.

सुजलेलं तोंड घेऊन घरी गेलो. आई रडायला लागली. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

“वाजवलीस का?”

“नाय.”

“मग जेव.”

त्यानं त्याच ठेचलेल्या, वाकड्या हातानं ताट माझ्यापुढं सरकवलं. वस्तीत कॉलेजात गेलेला मी पहिला. बाप ते येईल-जाईल त्याला सांगायचा.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरलेला. मी स्टेजवर चढलो, चपला घालूनच.

“माफी मागणार नाही,” म्हणालो. “नाव काढा. पण तुमच्यात यायचं तर चपला मीच का काढायच्या, ते आधी सांगा.”

नाव काढलं. पुढं मी दुसऱ्या कॉलेजातून बी. ए. झालो, ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

आता माझी पोरगी कॉलेजात जाते. तिच्या पायातल्या चपलेला कुणी हात घालून बघावा. हाताचं काय करतात, ते मी लहानपणीच पाहिलंय.