सुमन गेली, सकाळीच संपले

माझी धाकटी बहीण सुमन चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी वारली आणि त्याच दुपारी तिने आम्हां सर्वांना वरण-भात, वांग्याची भाजी आणि नको नको म्हणत असताना एकेक जास्तीची पोळी वाढली. या घटनेचं खापर आजपर्यंत माझा चुलतभाऊ वसंता याच्या डोक्यावर आहे. घरात लग्न असो की बारसं, कोणीतरी त्याला विचारतंच, "काय वसंता, आज कोनाले पोचवून आला?" तो हसतो. मीही हसतो. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर झालं आहे आणि हसताना घशाशी काहीतरी अडकतं (डॉक्टर पित्त म्हणतात, ते बिचारे शिकलेले आहेत). म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

मी यवतमाळला राहतो. एकटा. लोकांच्या तारा पाठवण्यात माझी सारी नोकरी गेली. तारेत शब्द वाचवायचे असतात. 'आई अत्यवस्थ ताबडतोब निघा', एवढ्यात माणसाचं सगळं दुःख बसवायचं. पुढे मी निवृत्त झालो, तारा बंद झाल्या, सवय तेवढी राहिली. माझी बायको निर्मला हिच्याशी मी जन्मभरात प्रेमाचं म्हणून जे काही बोललो, ते एका तारेत बसून वर पत्त्याला जागा उरली असती.

कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र मी सढळ होतो. वाचनालयातून आणायचो, वाचायचो, आणि निर्मला तुरीची डाळ निवडत असली की तिला सांगत बसायचो. ती मान वर न करता "मंग?" म्हणायची. त्या एका शब्दावर मी तासभर चालायचो. ती गेली आणि माझ्या हाती कादंबऱ्या राहिल्या.

त्या हिवाळ्यात मी एका वेळी दोन पुस्तकं आणत होतो, एक भुताखेतांचं आणि एक घरगुती. भुताचं मी भरदुपारी, अंगणात, शेजारचे जागे आहेत याची खात्री करून वाचायचो. घरगुती कुठेही चालायचं. वाचून वाचून माझं असं मत झालं की लोक उगाच भुतांना भितात. भुताच्या कादंबरीतला म्हातारा एकटा राहतो खरा, पण त्याच्याकडे रोज कोणीतरी येतं. दार वाजतं, पावलं ऐकू येतात, कधी कधी तर नावाने हाकही मारतात. माझ्याकडे दोन महिन्यांतून एकदा गॅसवाला, तोही फाटकातूनच ओरडायचा. खरी धडकी भरायची ती घरगुती कादंबरीत. एका छपराखाली अठरा माणसं, सगळी एकमेकांवर रुसलेली, आणि मी मधल्या खोलीत चष्मा पुसत त्यांचा हेवा करतो आहे!

ही मतं सांगायची कोणाला? आमच्या नातेवाइकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. मी तिथे लिहायला लागलो, अर्थात तारेसारखं. 'भूत नव्हते. जाऊच होती.' दुसऱ्या आठवड्यात, 'हडळ परत आली. शेवट पटला नाही.' तिसऱ्या आठवड्यात, 'वाटणी झाली. थोरल्याने फसवले.' कोणी काही म्हणत नसे. नागपूरचा एक भाचा अंगठा पाठवायचा, पण तो सगळ्यांनाच पाठवतो. माझं असं लिहिणं आठ महिने चाललं होतं. एकाने जरी ते वाचलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या मंगळवारी सकाळी मी एक जाडजूड घरगुती कादंबरी संपवली. तिची नायिका सुमन. शेवटच्या प्रकरणात ती मरते आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. रात्रीच्या जेवणाला ताट एक कमी लागतं तेव्हा कळतं. मी बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. मग मोबाइल घेतला आणि लिहिलं:

'सुमन गेली. सकाळीच संपले. फार वाईट वाटते. कोणाशी बोलावे कळत नाही.'

संपले ते पुस्तक. आता हे मला सांगावं लागतं आहे.

पाचव्या मिनिटाला बाभुळगावहून वसंताचा फोन आला. वसंता माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. आठ महिन्यांत त्याचा पहिलाच फोन.

"दादा, सुमनचं खरं काय?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अखेर आपलं कोणीतरी वाचलं.

"खरं रे," मी म्हणालो. "गेली बिचारी."

"कशानं?"

"झुरून. दुसरं काय. एवढं भरलं घर, पन नवऱ्यानं जल्मात एक शब्द विचारला नाही."

"आम्ही तर मधुकररावाले चांगला मानूस समजून राह्यलो होतो."

कादंबरीतल्या नवऱ्याचं नाव मधुकर नव्हतं. मला वाटलं, वसंताने घाईत वाचली असेल. मी दुरुस्ती करणार तोच तो हुंदके द्यायला लागला. "तिनं माहा हात धरून मले पाटीवर अक्षर काढायले शिकवलं होतं, दादा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमची सुमन! पुसदची! मधुकररावांची बायको! मी तोंड उघडलं. पण वसंता म्हणाला, "तू एकटा हायस. तू रडू नको. मी अन् कुंदा तुले घ्यायले येतो. तयार राह्य."

'कादंबरीतली सुमन गेली.' तीन शब्द लागले असते. तीन शब्दांत लोकांची आयुष्यं बसवलेला माणूस मी, आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं."

मला घ्यायला कोणीतरी येणार होतं. निर्मला गेल्यानंतर असं कोणी म्हणालं नव्हतं. मी स्वतःला समजावलं की ते आले की चहा पिता पिता सांगू, हसू, संपलं. मी तीन कप चहा टाकला, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मोबाइल सारखा वाजत होता. ग्रुपवर बेचाळीस निरोप. हडळ परत आली तेव्हा हूं की चूं न करणारी माणसं मला धीर देत होती, काळजी घ्या म्हणत होती. मी सगळे निरोप दोनदा वाचले. (होय, दोनदा.)

तुम्ही म्हणाल, पुसदला कोणी सरळ फोन का नाही केला? वसंताने केला होता. सुमनचा साधा बटनाचा फोन, तो घरात फडताळात आणि ती वाडीत. मधुकररावांना ऐकू कमी येतं. आणि दोनदा वाजवून कोणी उचललं नाही, तेव्हा त्याची बायको कुंदाच म्हणाली, ज्या घरी मयत झालं तिथं पुन्हा पुन्हा काय फोन करता. वसंताने बाकीच्यांना कळवलं की थांबा, पुसदला पोचून वेळ सांगतो. त्याचा तेवढा शहाणपणा आज कोणाला आठवत नाही.

जीप रफीकची, वसंताच्या शेजाऱ्याची. कुंदा उतरली, माझे दोन्ही हात धरले आणि रडली. चहाचं नाव काढायची सोयच उरली नाही. मी मुकाट्याने त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसलो.

दारव्ह्यापर्यंत सांगावं असं ठरवलं होतं. पण दारव्ह्यापर्यंत कुंदा सुमनच्या हातच्या लोणच्याबद्दल बोलत होती आणि वसंताने माझा हात सोडला नव्हता. मी तीन वेळा "वसंता" म्हणालो. तिन्ही वेळा तो म्हणाला, "बोलू नको दादा, तुले तरास होईल." किती दिवसांनी मी दोन माणसांच्या मध्ये बसलो होतो! बाहेर तुरीची शेतं पिवळी झाली होती, कापसाने भरलेल्या गाड्या वाटेत लागत होत्या. खोटं कशाला बोलू, बहिणीच्या मयताला जाताना मला फार बरं वाटत होतं.

दिग्रसला जीप थांबली. सवाष्ण बाई गेली की माहेरचं हिरवं लुगडं लागतं, आणि माहेरचा थोरला भाऊ म्हणजे मी. दुकानदाराने अशा वेळी देतात तसं एक साधं, विरळ सुती लुगडं पुढे टाकलं. आता माझी अडचण समजून घ्या. हे लुगडं सुमन नेसणार होती! पुढची दहा वर्षं नेसणार होती! मी ते बाजूला सारलं, दुसरं मागितलं, तिसरं मागितलं, रंग जातो का ते ओल्या बोटाने पाहिलं, उजेडात नेऊन काठ पाहिले आणि शेवटी पोपटी रंगाचं, रुंद जरीचं निवडलं. वसंता डोळे पुसत दुकानदाराला म्हणाला, "पाहा, याले म्हनते भाऊ."

पुसदला सुमनच्या घरासमोर गाडी थांबली. ते दोघे पुढे गेले, मी जीपच्या मागे टायर बघत उभा राहिलो. दारात मधुकरराव पेपर वाचत बसले होते. वसंताने त्यांच्या समोर उभं राहून विचारलं, "काय केलं तुम्ही आमच्या बहिनीचं?"

मधुकररावांना बहीण तेवढं ऐकू आलं असावं. ते प्रसन्नपणे म्हणाले, "आत हाय. या ना."

आत हाय म्हटल्यावर कुंदाने पदर तोंडाला लावला आणि उंबऱ्यातच हंबरडा फोडला. तो ऐकून सुमन मागच्या वाडीतून ओल्या हातांनी धावत आली. तिने माहेरची माणसं पाहिली, वसंताच्या हातातलं पुडकं पाहिलं, रडणारी कुंदा पाहिली आणि काही न विचारता तिच्या गळ्यात पडून तीही रडायला लागली. कुंदाचे डोळे मिटलेले. आपण जिच्यासाठी रडतो आहोत तिच्याच खांद्यावर रडतो आहोत, हे तिच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. वसंता मात्र बघत होता.

सुमनने मनात माणसं मोजली असतील. वसंता आहे, कुंदा आहे. नाही तो कोण? एवढ्यात तिचा सूर बदलला.

"दादा रे, एकटाच शिजवून खात होता रे. मले म्हने चार दिवस ये. मी म्हने कापूस वेचाचा हाय. आता कोनाकडे येऊ रे दादा."

रफीक जीपला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "चाचा, अंदर तुमच्याच नावानं रडून राह्यले. जाता काय?"

"थांब जरा," मी म्हणालो.

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मी तिथे उभा राहून ऐकलं. लहानपणी मी तिला खांद्यावर बसवून बैलपोळा दाखवला होता, ते मी विसरलो होतो, तिला आठवत होतं. माणसाला हे ऐकायला कधी मिळत नाही. मला मिळालं, आणि मी पोटभर ऐकलं. मग रफीकने मला हाताला धरून दारात नेऊन उभं केलं.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. सुमनने मला पाहिलं, पाठीत दोन धपाटे घातले. मग पुडकं उघडलं. माहेरहून आलेलं हिरवं लुगडं कशासाठी असतं हे तिला कळत होतं. ती भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत हसली, आणि तेच लुगडं नेसून वाढायला उभी राहिली.

जेवताना तिने विचारलं, "पन हे उठवलं कोनी?"

मी म्हणालो, "मी तर कादंबरीबद्दल लिहिलं होतं. वसंतानं नीट वाचलं नाही."

वसंताने माझ्याकडे पाहिलं. तो फोन त्याला आणि मलाच माहीत होता. त्याने मान खाली घातली आणि भात कालवत म्हणाला, "माहंच चुकलं, बाई."

चार वर्षं झाली. गेल्या रविवारी मी हे सगळं इथवर लिहिलं आणि वसंताला फोन लावून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं.

"दादा," तो म्हणाला, "मले माहीत होतं."

"कवापासून?"

"सुमन समोर उभी दिसली तवापासून. दुकानातून निघताना तू झंपराचा कपडा मागितला होता. मयताच्या लुगड्यावर झंपर कोन मागते?"

ते मी खरंच विसरलो होतो. मी विचारलं, "तवाच बोलला काहून नाही?"

"तुले हसले असते लोक. मंग तू कोन्या लग्नाले आला असता काय? माहं काय, मले हसले त हसले. घरी गेलो का मानसं हायत."

मग तोच म्हणाला, जाऊ दे, आता काय वाचून राह्यला? मी म्हणालो, भुताची. तर तो लगेच म्हणाला, "थांब. पयले त्यातल्या लोकायचे नावं सांग."

त्या कादंबरीतल्या भुताचं नाव वसंत आहे. पहिल्याच पानावर बुडून मरतं.

चार वर्षांचं ओझं उतरवून मला पुरतं मिनिटभरही झालं नव्हतं. मी चष्मा काढला, घसा साफ केला आणि म्हणालो, "नावं काही ध्यानात राहत नाहीत रे आजकाल."