स्टेअरिंगवर कोण बसणार?

घरात एखादी गोष्ट लपवायची ठरली की किस्से आपोआप साठत जातात. खरं सांगायला एक वाक्य पुरतं. लपवायला मात्र रोज नवीन काहीतरी शोधावं लागतं, आणि त्यात कुठे ना कुठे फजिती होतेच! आमच्या गाडीचं तसंच झालं. "एवढी संत्र्याची बाग, आन् गाडी एवढीशी?" असं चांदूर बाजारात लोक अजूनही विचारतात. खरं कारण आम्हा नवरा-बायकोलाच माहीत आहे, असं तेव्हा मला वाटायचं. आता आमचे हे स्वतःच चारचौघांत सांगतात, म्हणून लिहायला हरकत नाही.

कारण असं, की यांना फिट येते. फिट म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला माणूस येतो. यांचं तसं नाही. हे बोलता बोलता मध्येच थांबतात. डोळे उघडे, पण नजर हरवलेली. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात. मिनिटभरात परत येतात आणि मधलं काहीच आठवत नाही. मी बरेच दिवस समजत होते, की हे माझं बोलणं ऐकतच नाहीत. हा आजार ओळखायला बायकोला उशीर होणारच!

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही."

"मोटरसायकल तं चालते ना?" यांनी विचारलं.

"नाही."

"ट्रॅक्टर? तो तं शेतातच असते."

"तोही नाही."

यांनी थोडा विचार केला. "बैलगाडी?"

डॉक्टर हसले. "बैलांना घरचा रस्ता माहीत असेल तर चालवा!"

हे मात्र हसले नाहीत. कित्येक वर्षांपासून यांच्या मनात एक काळी एसयूव्ही होती. बाग चांगली उतरली, आता घ्यायचीच, असं सगळ्या घरादाराला सांगून झालं होतं. बसस्टँडवर आल्यावर मला म्हणाले, "गजूले सांगू नको. मायले तं बिलकुल नाही." गजू म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारच्याच घरात राहतात. माय म्हणजे माझ्या सासूबाई.

"आन् गाडी?"

"गाडी घेऊच. नाही घेतली तं लोक विचारतीन."

"मंग स्टेअरिंगवर कोण बसन?"

भर रस्त्यात मिनिटभर उघड्या डोळ्यांनी हरवलेला माणूस, आणि हातात स्टेअरिंग! मी उतारावर सायकलसुद्धा हातात धरून नेणारी बाई. पण दुसरं होतं कोण?

"मी," म्हटलं.

*

घरी सांगितलं, की हंगामात बागेतल्या मजुरांना डबे पोचवायला बरं पडेल. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळ्या कॉलेजच्या मुली आणि त्यात मी! उंचीनं कमी, त्यामुळे पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "ताई, उद्यापासून घरून उशी आणजा."

दुसऱ्या दिवशी मी उशी काखेत मारून निघाले, तर सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "सुनबाई, शिकाले चालली का झोपाले?"

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा बाजाराच्या दिवशी, भाजीवाले, हातगाड्या, म्हशी, सगळ्यांमधून मी गाडी अगदी अलगद बाहेर काढली. कुणाला धक्का नाही, गाडी एकदाही बंद नाही. मला इतका आनंद झाला!

"मास्तर, आज चांगली चालवली ना मी?"

मास्तरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "ताई, आज मीच चालवून राहिलो होतो."

*

गजू भाऊजींकडं एसयूव्ही आहे. पांढरी, उंच. मिरच्या-कोथिंबीर आणायलाही तीच काढतात. त्यांचा जीव आहे त्या गाडीवर, आणि दादानंही तशीच घ्यावी असं त्यांना मनापासून वाटायचं. "दादा, रुबाब पाह्यजे! छोट्या गाडीले कोणी साइडही देत नाही."

सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना त्या गाडीत चढायचं तर आधी खाली स्टूल ठेवावं लागतं. ते स्टूल कायम डिकीत असतं. एकदा अकोल्याला लग्नाला गेलो आणि परत निघताना पाहतो तर स्टूल नाही. कुणीतरी आचाऱ्यांच्या सामानासोबत उचलून नेलं होतं. मग काय, गजू भाऊजी आणि नवरदेवाकडचे तिघं अशा चौघांनी मिळून सासूबाईंना उचललं.

त्या वरूनच ओरडल्या, "अरे, मी जित्ती आहो अजून! आतापासूनच खांदा देऊन राहिले का रे?"

सगळा मांडव हसला. मी या प्रसंगाचा आधार घेऊन यांना म्हटलं, "पाहा, मायसाठीही छोटीच बरी." काळी एसयूव्ही यांच्या मनातून निघायला वेळ लागत होता.

*

अमरावतीच्या शोरूममध्ये कुणीतरी ओळखीचं भेटलंच असतं, म्हणून आम्ही गाडी पाहायला अकोल्याला गेलो. सेल्समन यांच्याच मागं मागं. "सर, इंजिन पाहा. सर, सनरूफ पाहा." मग माझ्याकडं वळून, "मॅडम, तुम्ही कलर पसंत करा."

मी पिशवीतून उशी काढली.

तो गडबडला. "मॅडम, सीटला हाइट ॲडजस्टमेंट आहे."

"सीटले आहे, मले नाही ना!"

त्यानं मला एका काळ्या एसयूव्हीत बसवलं. हे खाली उभे राहून विचारत होते, "समोर काय दिसून राहिलं?"

"आभाळ."

"आन् रस्ता?"

"रस्ता नाही दिसत."

"मंग हे विमान आहे," हे म्हणाले. सेल्समन खूप हसला.

मी उतरले आणि हे स्वतः आत जाऊन बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. सेल्समननं लगेच चावी पुढं केली. "सर, एक राउंड मारून या. बायपास मोकळाच आहे."

बोलावं तर गुपित फुटतं, गप्प राहावं तर हे चावी फिरवतात! यांची नजर त्या चावीवर खिळली होती. मला वाटलं, फिट आली की काय? पण ओठ हलत नव्हते. नुसतेच पाहत होते.

"आज नको," शेवटी म्हणाले. "चप्पल नवी आहे, चावून राहिली."

चप्पल चांगली टाचेपर्यंत झिजलेली होती.

कोपऱ्यात एक साधी, छोटी गाडी उभी होती. मी तिच्यात बसले तर पाय क्लचला नीट पोचले आणि बोनेट संपतं कुठं तेही दिसलं. हे समोर येऊन उभे राहिले. "आता काय दिसते?"

"तुमी," मी म्हटलं.

हे सेल्समनकडं वळले. "करा बा हीच पक्की."

*

गाडी बुक केल्यावर लोकांना कारणं सांगायची पाळी आली. हे भेटेल त्याला वेगळं कारण सांगायचे. दुधवाल्याला सांगितलं, छोटी गाडी पेट्रोल कमी खाते. शेजाऱ्याला सांगितलं, आमच्या गल्लीत मोठी वळत नाही. आणि एकाला सांगायला काहीच सुचलं नाही तेव्हा म्हणाले, "महाराजांनी सांगितलं, मोठं वाहन सध्या योगात नाही."

दोन-तीन दिवसांत आमचे पूजा सांगणारे महाराज घरी हजर! चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि हळूच म्हणाले, "दादा, मी असं काही सांगितलं असन तं तेवढं मले आठवून द्या. गावात तीन माणसं पत्रिका घेऊन आले, गाडीचा योग पाहाले!"

*

दसऱ्याला सोनं द्यायला सगळं गणगोत अंगणात जमलं होतं. आमची गाडी यायची होती अजून. गजू भाऊजींनी सगळ्यांदेखत आपल्या गाडीची चावी यांच्याकडं फेकली. "दादा, एक चक्कर मारून या. मंग सांगा, छोटी का मोठी!"

"हो, जाऊ द्या! जाऊ द्या!" सगळे ओरडायला लागले.

हे उठले. खरंच उठले! चावी झेलली आणि चालायला लागले. माणूस आजार लपवण्यासाठी काय काय करेल, ते मला त्या क्षणी कळलं. अंगणात लेकरं खेळत होती. गाडीपुढंच होती. मी हातातलं ताट तिथंच ठेवलं, धावत गेले आणि यांच्या हातातून चावी हिसकावलीच.

"मी चालवतो," म्हटलं. घाबरले की माझं बोलणं असंच होतं, मी बाई की पुरुष तेही उरत नाही!

नाही कसं म्हणावं ते गजू भाऊजींना सुचेना. लेकरांना ओट्यावर चढवलं. मी त्या उंच गाडीत चढले, उशी नव्हती, पुढचं काही दिसत नव्हतं, मागचं त्याहून नाही. रिव्हर्स टाकला. गाडी मागं गेली आणि संत्र्याच्या रिकाम्या क्रेटची सगळी थप्पी धडाधडा तिच्यावर कोसळली!

गजू भाऊजी डोक्याला हात लावून धावले. बंपरवर हात फिरवत म्हणाले, "वहिनी, हे काय केलं वो?"

मागून हे शांतपणे म्हणाले, "समजलं का गजू, आमी छोटी काहून घेऊन राहिलो?"

त्या दिवसापासून, घरी यायच्या आधीच, ती 'वहिनीची गाडी' झाली.

*

हा किस्सा मात्र यांना अजून माहीत नाही. इथं वाचतील तेव्हा कळेल.

गाडी आणायला अकोल्याला आम्ही तिघंच गेलो, हे, मी आणि सासूबाई. गजू भाऊजी संत्र्यांचा ट्रक घेऊन नागपूरला गेले होते. सासूबाईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची मोठी चावी यांच्या हातात देऊन फोटो काढला. खरी चावी माझ्या हातात आली. हे माझ्या बाजूला बसले, सासूबाई मागं.

मूर्तिजापूर मागं पडलं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. यांच्या सूचना चालूच होत्या. "आरशात पाह्य. डाव्या बाजूनं चाल. त्याले जाऊ दे पुढं. आता गिअर..."

आणि गप्प झाले.

मी तिरक्या नजरेनं पाहिलं. डोळे उघडे होते. ओठ हलत होते.

इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कशी घेतली, मला आठवत नाही. हँडब्रेक ओढला आणि यांचा बेल्ट सोडायला हात नेला, तर मागून आवाज आला.

"सोडू नको. हालवू नको त्याले. येते तो आपला आपला."

सासूबाईंचा हात आधीच यांच्या खांद्यावर होता. हळूहळू थोपटत होत्या, लेकराला थोपटतात तसं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. बाजूनं गाड्या जात होत्या.

यांचे ओठ थांबले. पापण्या लवल्या. सासूबाईंनी हात काढून घेतला. यांनी बाहेर पाहिलं, मग माझ्याकडं.

"काहून थांबली? बंद पाडली का?"

मी मागं वळून सासूबाईंकडं पाहिलं.

"मले मळमळून राहिलं होतं," मागून सासूबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं तिले, थांबव."

"अवो माय, मंग आधी सांगाचं ना!" यांनी लगबगीनं पाण्याची बाटली शोधली, झाकण उघडून मागं दिली. "पी थोडं. खिडकी उघड. लांब पाह्य, म्हणजे बरं वाटते."

सासूबाईंनी खिडकी उघडली. सांगितलं तसं लांब पाहिलं. पाणी प्यायल्या.

"आता कसं वाटून राहिलं?" यांनी विचारलं.

त्यांनी यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहून घेतलं.

"बरं आहे आता," त्या म्हणाल्या. "घे वो सुनबाई गाडी."