मामांचा कोतवाल

वाशिम जिल्ह्यात माशीला नात्यातली मानणारा एकच माणूस असेल, आणि तो माझा सख्खा मामा आहे. अनसिंगजवळ वांगी-मेथीची वाडी आणि कारंज्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे तास. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवा आणि गप्प बसा या तत्त्वावर. पण मामा गप्प बसणारे नव्हतेच. त्यांच्या मते प्रत्येक शरीराच्या वेशीवर एक कोतवाल बसलेला असतो. पेशींवरचा हा पहारेकरी जंतूला नाव-गाव विचारत नाही. नुसता पेहराव पाहून परका ओळखतो आणि दवंडी पिटतो. माणसात तो आहे, माशात आहे, माशीतही आहे. आणि मामांना छळणारा प्रश्न असा: माशीच्या आणि माशाच्या आद्य पूर्वजाकडूनच ही कोतवालकी वारशानं आली, की घराणं तेवढं एक, आणि पहाऱ्याचं काम मात्र माशी आणि मासा या दोन्ही गावांनी आपापलं, वेगवेगळं दिलं?

केनवडच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाला हात धुता धुता गाठून हे विचारलं. तो बिचारा म्हणाला, "सर, जेवले का तुमी?"

आरोग्य केंद्राला डॉक्टर मिळावा म्हणून मी पत्रक लिहिलं, ते शुद्धलेखन तपासायला त्यांच्याकडे दिलं. परत आलं तेव्हा पहिलंच वाक्य होतं, 'माशांना जबडा फुटण्याच्याही आधी...'

"मामा, मले डॉक्टर पाह्यजे, मासा नाही!"

"पोट्टे, मुळापासून सांगा लागते. तुमी मधातूनच ओरडून राह्यले, मंग लोक कायले ऐकतीन?"

गेल्या पावसाळ्यात वाडीत त्यांच्या पायावर फावडं बसलं. पाय सुजला, ताप चढला. आई, म्हणजे त्यांची बहीण, दवाखान्यात चला म्हणून रडकुंडीला आली. हे महाशय खाटेवर पडून तिलाच शिकवत होते, "ताप म्हंजे कोतवालाची दवंडी हाय, अक्का. त्याले काम करू दे." सगळ्या जिल्ह्यात ही चूक करू शकणारा माणूस तोच. शेवटी ते तापात असंबद्ध बडबडायला लागले, तेव्हा आम्ही त्यांना उचलून आरोग्य केंद्रात नेलं. तिथं कुलूप. कुलपावर माझंच पत्रक, भिजून लोंबणारं. वाशिमला पोचेपर्यंत विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टर म्हणाले, जंतूंनी केलं त्याहून जास्त नुकसान शरीराच्याच धावपळीनं केलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

मला मामांचाही राग आला आणि त्या कुलपाचाही. मामांचा ओसरला. कुलपाचा ओसरू देणार नाही.

तेव्हापासून मामा बोलेनासे झाले. कॉलेजनं त्यांचे तास दुसऱ्याला देऊन टाकले, त्यावरही हूं की चूं नाही. कोतवालाचं नाव तर त्यांनी टाकलंच. परवा मी नवी पत्रकं घेऊन त्यांच्या खाटेशी बसले आणि आपणहून विचारलं, "मामा, कोतवालकी वारशानं आली, का दोन्ही गावांनी आपापली देल्ली?"

 त्यांच्या पायाच्या पट्टीवर एक माशी येऊन बसली. मी पत्रकाची गुंडाळी करून हात उगारला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," मामा म्हणाले. "घरचंच माणूस हाय. भेटाले आलं."