हळू म्हटलं की मागे

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिरोड्याला शाळेच्या मैदानावर बायकांचा कराटेचा वर्ग भरायचा, तिथे ती माझ्या पुढे उभी राहायची. पन्नाशीची, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आत मुलाची ट्रॅकपँट.

सर तोच ठोसा आधी हळू मारायला लावत, मग जोरात. ठोशाबरोबर एक पाऊल पुढे. हळू करताना ती हमखास मागे यायची आणि तिची टाच माझ्या पायावर पडायची. जोरात मात्र सरळ पुढे. मला हे उलटंच वाटायचं, कारण आम्ही बाकीच्या जोरातच चुकायचो.

एकदा विचारलं, "मावशी, हळू करतानीच मागं काऊन येता?"

तिने पायांकडे पाहिलं. "धानाची रोवणी करतानी मागंच सरा लागते ना बाई. जलमभर तेच केलं. हळू म्हटलं का पाय चिखलातच जातेत."

"मग जोरात कसं जमते?"

"जोरात करतानी राग येते."

"कोणाचा?"

तिने पदर खोचला. "थेच त मलेबी समजून नाही राहिलं."

पुढच्या आठवड्यात सर हळू म्हणाले आणि तिचं पाऊल पुढे पडलं. मग दुसरंही. सर शाबास म्हणाले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात तसेच राहिले. झटक्यात येऊन जाणारा तो राग आता तिला हळूहळूही यायला लागला होता का? मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती दूर जात होती, आणि मी अजून टाचेच्या भीतीने पाय मागे घेऊन उभी होते.