गा आणि साहेब

नागपूरकडे पुरुषाशी बोलताना वाक्याच्या शेवटी 'गा' लावतात. काय गा, बस गा, कुठं चालला गा. शब्दकोशात त्याला फारसा अर्थ नाही. आमच्या घरी तो कोणी वापरत नसे. भोसल्यांच्या काळात दप्तरं सांभाळायला जी घराणी इकडे आली, त्यांतलं आमचं एक. या गावात दोनशे वर्षं राहूनही आम्ही 'मले, तुले' न म्हणता 'मला, तुला' म्हणत राहिलो आणि हे काहीतरी मोठं कर्तृत्व आहे अशा चेहऱ्याने वावरत राहिलो. त्या 'गा'साठी मी सत्तरच्या दशकातली दोन-तीन वर्षं जळत होतो. आता त्या आगीचा कोणाला उपद्रव होण्यासारखा नाही, म्हणून लिहितो.

हे सगळं घडलं ते तळं नागपूरबाहेर, वाडी गावाच्या पुढे होतं. अमरावती रोडवरची ट्रकांची गोदामं संपली की डावीकडे मुरमाचा रस्ता, दीडेक मैलावर बांध आणि बांधावर अर्जुनाचं एक जुनं झाड. मासेमारी एका म्हाताऱ्या ढिवराकडे होती. तो बांधाखालच्या झोपडीत राहायचा. त्याला सगळे बाबाजी म्हणत. गळ टाकायला येणाऱ्यांना तो परवानगी देई किंवा देत नसे, आणि कारण सांगत नसे.

मला तिथे नेलं ते ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने. तो काटोलकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. वय माझ्याएवढं, पगार माझ्याएवढा, अक्षर माझ्यापेक्षा वाईट. त्याच्याकडे एक बांबूची काठी होती. माझ्याकडे मेहुण्याने कलकत्त्याहून आणलेलं गळाचं रीळ होतं आणि वाचनालयातून आणलेली दोन इंग्रजी पुस्तकं वाचून झाली होती. दोन्ही निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली. दोन्हींत मासा तिसऱ्या प्रकरणात येतो. पहिली दोन बुटांविषयी आहेत.

दिवाळी नुकतीच झाली होती.

"आला का गा?" बाबाजी झोपडीतून बाहेर येत त्याला म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "अन् हे साहेब कोन होय?"

"आमच्याच ऑफिसातले. पुस्तकं लय वाचते."

"बसा जी साहेब," म्हणत बाबाजीने धोतराच्या सोग्याने एक दगड झटकून दिला.

मला तोवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. ऑफिसातला शिपाईसुद्धा मला 'अहो' म्हणे. तेव्हा अर्धा तास मी त्या दगडावर बराच खूश होतो. नंतर लक्षात आलं की ते दोघे डोंग्यात बसून तळ्याच्या मध्यावर गेले आहेत आणि मी स्वच्छ दगडावर आहे.

तो हिवाळा असाच गेला. मासे मलाही लागत, नाही असं नाही. पण कतला कुठे उभा आहे, वारा फिरला की कोणत्या कोपऱ्यात जायचं, हे बाबाजी त्याला सांगे, आणि तेही बिडी पेटवता पेटवता, सहज. मला तो चहा देई. कप वेगळा, कानाचा, माझ्यासाठी राखून ठेवलेला. शेजारच्या टेबलवाल्याला जर्मनच्या पेल्यात मिळे. मी त्या पेल्याकडे ज्या नजरेने पाहायचो, तशा नजरेने कोणी दागिन्यांकडे पाहिलं असतं तर दुकानदाराने शटर ओढून घेतलं असतं.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं. काठाला भेगा पडल्या, आणि तळ्यात आतल्या बाजूला पूर्वीच्या काळी बुडालेल्या विहिरीचं तोंड दिसू लागलं. त्या दिवसांत गळाला लावायला बाबाजी आंबवलेली मोहफुलं आणि सरकीची ढेप मळून एक गोळा करायचा. त्या वासाने माणूस दोन दिवस चौघांत बसू शकत नसे. तो गोळा पळसाच्या पानावर घालून त्याने शेजारच्या टेबलवाल्याला दिला. मी हात पुढे केला.

"नको जी साहेब. तुमचे हात वास मारतीन."

सोमवारी शेजारच्या टेबलावरून तो वास दिवसभर येत होता. हेडक्लार्कने दोनदा खिडकी उघडायला लावली. मला मात्र तो वास आपल्या हातांना नाही याचंच वाईट वाटत होतं.

पावसाळा लागला आणि तळ्यात मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, हार, आणि जिल्ह्याहून आलेले एक मोठे साहेब. मासा हा राष्ट्राच्या प्रगतीत कसा पुढे आहे यावर त्यांनी पाऊण तास भाषण केलं. तेवढ्या वेळात प्रगतीचं बीज प्लास्टिकच्या पिशव्यांत, मांडवाबाहेर, उन्हात तापत होतं. पाऊस त्या दिवशी नेमका उघडला होता. बाबाजी हात जोडून उभा होता. मोठ्या साहेबांना साहेब, त्यांच्या ड्रायव्हरला साहेब, माईकवाल्याला साहेब. मी त्याच यादीत होतो हे मला तिथे, माईकच्या खाली बसल्या बसल्या कळलं.

भाषणाच्या मधेच बाबाजी वाकून कुजबुजला, "पिशव्या पाण्यात ठेव गा, लवकर!" शेजारचा टेबलवाला उठून पळाला. मीही उठलो.

"तुम्ही बसा जी साहेब. कार्यक्रम चालू आहे."

परतताना आम्ही दोघे सायकली ढकलत चिखलातून येत होतो, तेव्हा मी शेवटी विचारलंच. "तुला तो गा म्हणतो. मला साहेब का?"

तो एवढा हसला की त्याची सायकल खड्ड्यात गेली. "तू मासा खात नाई न! पकडते अन् वापस सोडून देते. मागं बाबाजी मले विचारून राहिला होता, का खाचा नाई तं मारते काहून? म्हणे असं साहेब लोकंच करतात."

आमच्या घरी मासा शिजत नसे. घरी नेला असता तर मासा आणि मी दोघेही अंगणातच राहिलो असतो. शिवाय पुस्तकांत मासा सोडून देणं हे सभ्यपणाचं लक्षण म्हटलं होतं. मी ते मनावर घेतलं होतं. इथे त्या सभ्यपणाने मला थेट ड्रायव्हरच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

नवरात्र आटोपल्यावर एका रविवारी मी जाहीर केलं, "बाबाजी, आज मी इथेच जेवणार. मासा."

बाबाजीने आनंदाने रोहू चिरला. तिखट रस्सा, भात. पहिला घास मी एखादा ठराव वाचावा तसा गंभीरपणे घेतला. दुसऱ्यात काटा होता. तो घशात आडवा बसला आणि माझे डोळे बाहेर आले.

"भात गिळा जी साहेब!" बाबाजी ओरडला. "चावू नका! सुका भात गिळा, साहेब!"

जीव जाता जाताही मी साहेबच राहणार, हे मला डोळ्यांतल्या पाण्यातून स्पष्ट दिसलं. पाठीवर बुक्के घालत शेजारचा टेबलवाला ओरडत होता, "गिळ गा, गिळ!" गा मिळाला, पण चुकीच्या तोंडून. काटा उतरला.

पुढच्या वर्षी त्याची गोंदियाला बदली झाली. निरोपसमारंभात माझं भाषण सगळ्यांत भावपूर्ण झालं असं पुष्कळांनी सांगितलं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मला खरोखरच भरून आलं होतं.

त्यानंतर मी एकटाच जाऊ लागलो. बाबाजी बाहेर येई, माझ्या मागे रस्त्याकडे पाही, आणि म्हणे, "एकटेच जी?" पावसाळाभर तेच. दसऱ्यापर्यंत तेच. मी मासा खायला शिकलो होतो, काटे काढायला शिकलो होतो, कानाच्या कपाऐवजी पेला मागून घेतला होता. दगड मात्र तो झटकून देतच होता.

मार्गशीर्षात तळ्यावर शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या. बाबाजी काठाशी चुलीवर शिंगाडे उकडत बसला होता. मी सायकल लावली. त्याने वर न पाहता विचारलं,

"त्याचं पत्र-बित्र आलं का गा?"

मी आधी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणाला म्हणून. तिथे कोणी नव्हतं.

पत्र माझ्या खिशातच होतं. परवाच आलेलं. 'नाताळच्या सुट्टीत येतो. बाबाजीले सांगजो, डोंगा तयार ठेव म्हणा.' वाईट अक्षरात, दोनच ओळी.

"नाही," मी म्हणालो.

"कामात असंन." त्याने राख उकरली. "बस गा. खाय."

दगड त्याने झटकला नाही. मी तसाच बसलो. नखं काळी होईस्तोवर आम्ही शिंगाडे सोलले. मग त्याने मला डोंग्यात घेतलं, वेली बाजूला सारत त्या बुडालेल्या विहिरीवर नेलं आणि दोर किती खोल सोडायचा ते सांगितलं. कतला लागला. तो वर घेताना बाबाजी मला चार वेळा गा म्हणाला. मी मोजले.

नाताळच्या दिवशी मी गेलो. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. गोंदियावाला माझ्या आधीच पोचला होता. डोंगा बांधावर उलटा घातलेला होता आणि त्याला ताजं डांबर लावलेलं होतं. दोन दिवस तरी तो पाण्यात जाण्यासारखा नव्हता.

"हे काय बाबाजी? डोंगा तयार ठेव म्हून कळवलं होतं न मी."

"कवा गा?"

"पत्रात. याच्याजवळ."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी रागावलं नाही.

"राहून गेलं," मी म्हणालो.

सोगा हातात घेऊन बाबाजी अर्जुनाखाली गेला, दगड झटकला, पुन्हा एकदा नीट पुसला.

"बसा जी साहेब," तो म्हणाला. "चहा ठेवतो."