सरदारने खाल्लेलं छप्पर

माझं अक्षर किडामुंगीसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जमले नाहीत. पुढे शाळाच नव्हती. तेव्हा चूकभूल माफ करावी. पण आमच्या घराचं छप्पर एका बैलाने खाल्लं, हे मात्र खरं आहे. त्यात काना-मात्रेची चूक नाही.

मला चारचौघांत बोलता येत नाही. भाजीवाल्याने सुटे कमी दिले तरी मी त्याला काही म्हणत नाही, घरी येऊन भिंतीला सांगते. सांगून सांगून आमची भिंत फुगलीय. (नाही, ती पावसाने फुगली. तेच लिहायला बसलेय.)

भिवंडीत कामतघरला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, वर सिमेंटचे पत्रे. मागच्या पावसाळ्यात ते वादळ आलं, तेव्हा भरदुपारी शेजारच्या इमारतीवरची पाण्याची काळी टाकी उडाली आणि आमच्या पत्र्यांवर येऊन बसली. बसली ती पाहुणीसारखी, उठायचं नावच घेईना! पत्रे फुटले. मग पाणी वरून आलं, भिंतीतून आलं, आणि शेवटी त्यालाच राहवेना म्हणून दारातूनही आलं.

सासूबाई खाटेवर, खाट विटांवर, आणि सासूबाईंच्या डोक्यावर छत्री.

"काय गो, च्या टाकतेस का?" त्यांनी छत्रीतून विचारलं.

शेगडी माझ्यासमोरून मोरीकडे तरंगत चालली होती. 

आमचे हे काल्हेरच्या गोदामात खोकी मोजायच्या कामाला आहेत. त्यामुळे त्यांना सगळं मोजायची सवय. ते पाण्यात उभे राहून भिंतीवर बोटाने खूण करत म्हणाले, "अगं, उतरतंय बहुतेक." ती खूण दहा मिनिटांत पाण्याखाली गेली.

संध्याकाळी टाकीचा मालक आला. मला वाटलं, माणूस माफी मागायला आला. तो म्हणाला, "टाकीला तडा गेलाय. भरून कोण देणार?"

आमच्या छपरात भगदाड पाडून तिला तडा गेला, त्याची भरपाई आम्ही द्यायची! माझ्या तोंडात इतके शब्द आले की त्यातला एकही बाहेर पडेना. मी त्याला चहा दिला.

पाणी ओसरलं तेव्हा खरं घर दिसलं. गिलावा पापडासारखा सुटत होता. गादी पिळली तर बादली भरत होती. लाकडी कपाटाचं दार फुगून असं बसलं की घरातले सगळे कोरडे कपडे आत आणि आम्ही सगळे ओले बाहेर.

देवाची कृपा म्हणजे त्याच महिन्यात माझी भिशी लागली. आमच्या गल्लीतली भिशी नूरआपा चालवते. तिचा नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मुलगा लूमवर, आणि तिचा आवाज असा, की चालू लूमच्या खडखडाटात नवऱ्याला घरातून जेवायला बोलावते. पैसे माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "देख, ये छप्पर का पैसा है. छप्पर पे ही लगाना. किसी को देना मत."

मी मान हलवली. घरी आले आणि देऊन टाकले.

कुणाला? भावजींना. बाळू भावजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, लूमवर जॉबर. लूम बिघडला की तो ठीक करतो तो जॉबर. आम्ही मिस्त्री बघतोय हे कळल्यावर ते ड्युटी सोडून आले.

"वहिनी, घरात जॉबर असताना बाहेरचा मिस्त्री? लोक थुंकतील माझ्यावर! अख्खा शेड माझ्या पान्यावर चालतो, मला दोन पत्रे जमणार न्हाईत?"

"माझा बालू लहान होता तवाच घड्याल खोलायचा," सासूबाई म्हणाल्या. (हे खरं आहे. ते घड्याळ अजून खोललेलंच आहे.)

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"कशेळीला ओळखीचा माणूस हाय," भावजी म्हणाले. "पत्रे, गिलावा, रंग, सगळं तेवढ्यात बसवतो. वर वाचले तर परत आणून देतो."

मला म्हणायचं होतं, "भावजी, आधी पत्रे आणा, मग पैसे घ्या." मी म्हणाले, "चहा घेणार?"

चार दिवसांनी भावजी टेम्पो घेऊन आले. टेम्पोत पत्रे नव्हते. डांबराचा डबा होता आणि कापडाचे मोठमोठे गुंडाळे होते. लूमवरून उतरलेला, डाग पडलेला, कुणी न घेतलेला कोरा कपडा.

"पत्रे कुठायत रे?" ह्यांनी विचारलं.

"दादा, पत्र्यांचा जमाना गेला! भोकावर कपडा, कपड्यावर डांबर, त्यावर परत कपडा. पाण्याचा बाप आत येणार न्हाय."

आता लिहायला लाज वाटते, पण मला त्याच क्षणी कळलं होतं. आमच्या भिवंडीत शेंबड्या पोरीलासुद्धा माहीत असतं, की लूमच्या कोऱ्या कपड्याला खळ असते. धागा तुटू नये म्हणून त्याला पिठाच्या खळीत बुडवून कडक करतात. असा कपडा घरी आणला तर आधी दोनदा उकळायचा, मग वापरायचा. माझी अर्धी जिंदगी लूमचे तुकडे उकळून पोतेरी करण्यात गेली! पण वर चढलेल्या जॉबरला खालून कोण सांगणार? मी तोंड उघडलं, भावजींनी वरून विचारलं, "काय वहिनी?" आणि मी म्हणाले, "जपून."

त्या रविवारी दारात ताशा वाजला. बघते तर भावजी एका पांढऱ्याशुभ्र बैलाची दोरी धरून उभे! शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. मागे काल्हेरचे त्यांचे दोन दोस्त.

"वहिनी, हा सरदार. शर्यतीचा बैल हाय. ताट आणा, ओवाळा!"

मी ताट आणलं. ओवाळलं. कुंकू लावलं. सासूबाईंनी त्याला गुळाची पोळी दिली, जी मी ह्यांच्या डब्यासाठी केली होती. सरदारने माझ्याकडे असं बघितलं, जशी आमची जुनी ओळख आहे. (होतीच. मला माहीत नव्हतं एवढंच.)

नंतर पाऊस आला. पहिले दोन तास एक थेंब गळला नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघ, माझा बालू!" आणि वरून टपकन त्यांच्या कपाळावर काहीतरी पडलं. पाणी नव्हतं. पांढरं होतं, दाट होतं, ओघळत सावकाश नाकाशी आलं.

छप्पर खळ गळत होतं!

कोरा कपडा भिजून फुगला, वरचं डांबर पोपड्यासारखं सुटलं, आणि अर्धी खळ आमच्या घरात उतरली. भांड्यांवर खळ, देवांवर खळ. ह्यांचा गोदामाचा शर्ट दोरीवरून काढला तर तो हात पसरून तसाच उभा! ह्यांनी तो तसाच घातला आणि दिवसभर त्यांना कोपरात हात वाकवता आला नाही. सासूबाईंचे केस उशीला चिकटले. उशी घेऊन त्या घरभर फिरल्या, पण बाळूला कुणाला एक शब्द बोलू देईनात. "त्याचा काय दोष? पाऊसच जादा हाय!" मग मुंग्या आल्या. अख्ख्या कामतघरच्या मुंग्या आमच्याकडे पंगत असल्यासारख्या आल्या.

नूरआपा दारात आली, भिंतीला बोट लावलं, बोट चोळून बघितलं. "अरे, ये तो मांड है! कोरा माल बिना धोए छत पे? किस अकलमंद ने किया?"

मी सांगितलं.

"और पैसा?"

ते मलाही माहीत नव्हतं. डांबर आणि डागी कपड्याला भिशीचे एवढे पैसे लागले? मी सासूबाईंसमोर बसून त्यांच्या केसांतली खळ कोमट पाण्याने सोडवत होते. न राहवून हळूच म्हणाले, "आई, बाकीचे पैसे भावजींनी कुठे ठेवलेत?"

"ठेवलेत कशाला? चांगले कामाला लावलेत," सासूबाई म्हणाल्या. "सरदारात तिसरा हिस्सा आपला हाय!"

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. म्हणजे मी माझ्याच छपराला कुंकू लावलं होतं! माझ्या पत्र्यांना मीच ओवाळलं होतं, आणि माझ्या गिलाव्याने माझ्याच हातची गुळाची पोळी खाल्ली होती!

त्या रात्री मी भिंतीला जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

छपराचा कपडा आम्ही खेचून काढला. हे गोदामातून ताडपत्री मागून आणून वर बांधून आले. डांबराचा भाग कापून टाकला आणि चांगला कपडा उकळायला म्हणून मी दारात ढीग करून ठेवला. भावजींना पैसे मागायचं मी रोज पाठ करत होते. कुकरसमोर तर मी इतकं खणखणीत बोलायची, की कुकर शिट्टी द्यायला दचकायचा. भावजी समोर आले की, "बसा ना, पाणी आणते."

ह्यांनी एकदा विचारलं. भावजी म्हणाले, "दादा, सरदार एक शर्यत मारू दे. तुला छप्पर न्हाय, स्लॅब टाकून देतो!"

हे स्लॅबची लांबीरुंदी मोजायला लागले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पुन्हा दारात ताशा. पुन्हा सरदार, झूल, घुंगरं आणि ते दोन दोस्त.

"वहिनी, ताट आणा!"

मी ठरवलं, आज बोलायचं. ताट हातात, दिवा लागलेला, सगळी गल्ली जमलेली. नूरआपा समोर उभी राहून मला डोळ्यांनी ढोसत होती. मी म्हणाले, "भावजी..."

"बोला वहिनी!"

"भावजी, ते..."

"अहो, बोला की!"

माझी नजर भावजींवर, भावजींची माझ्यावर, गल्लीची आम्हा दोघांवर. आणि तेवढ्या वेळात सरदारला माझ्या ढिगातल्या खळीचा वास लागला. मक्याचं पीठ ते! त्याच्या खुराकातलंच! मी तिसऱ्यांदा "ते..." म्हणाले तोवर कपड्याचं एक लांबलचक टोक त्याच्या तोंडात नाहीसं होत होतं, जशी शेवई ओढावी तसं.

"पकडो! छप्पर खा गया!" नूरआपा ओरडली.

भावजींनी टोक पकडून ओढलं. सरदारने आतून ओढलं. अर्थात सरदार जिंकला. (त्या दिवशी तो एवढंच जिंकला.)

शर्यतीत पुढे काय झालं ते हे बघून आले. सुटायचा इशारा झाला, बाकीचे बैल धुरळा उडवत गेले, आणि सरदार जागच्या जागी बसला. पोट तट्ट फुगलेलं. त्याने रवंथ सुरू केलं. लोक हसत होते आणि भावजी त्याच्या कानात काहीतरी विनवत होते.

गुरांच्या डॉक्टरांनी तेल पाजलं. दोन दिवसांनी सरदार ठणठणीत झाला आणि आमचा कपडा परत आला, तोही पूर्ण. काल्हेरच्या दोस्तांनी तो काठीवर उचलून भावजींसमोर धरला.

"बाल्या, ज्याच्या घरचं छप्पर आपला बैल खातो, तो माणूस आपल्याला भागीदार नको. तुझा हिस्सा घे आणि नीघ!"

भावजी आले तेव्हा मी शेगडी पुसत होते. सासूबाई होत्या, हे होते, आणि भावजींचा आवाज ऐकून नूरआपा दारात येऊन उभी राहिलीच होती. भावजींनी खिशातून पुडकं काढलं.

"वहिनी, तुमचे पैसे. डांबराचे मी माझ्या पगारातले घातले, सगळे हायत. तुम्ही बैलाला छप्पर खाऊ घातलं, तरी मी काय मनात ठेवलं न्हाय."

मी खाऊ घातलं! माझे पैसे, माझं छप्पर, माझी पोळी, आणि मनात भावजींनी ठेवलं नाही! माझ्या कानांतून वाफ निघत होती. इतके दिवस कुकरला ऐकवलेलं सगळं भाषण घशाशी आलं. मी पुडकं हातात घेतलं, तोंड उघडलं, आणि माझ्याच कानांनी ऐकलं:

"अहो भावजी, एवढी काय घाई होती?"

नूरआपाने कपाळावर हात मारून घेतला.

भावजींचा चेहरा उजळला. "न्हाय ना घाई?" त्यांनी हात पुढे केला. "मग राहू द्या माझ्याकडेच. कशेळीला एक गोऱ्हा बघितलाय, काय चाल हाय त्याची..."

"न्हाय!"

हा आवाज कुणाचा, म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. ताडपत्रीवरचे कावळे उडाले, भावजी उंबऱ्यावरून थेट गल्लीत, ह्यांच्या हातातला मोजायचा टेप सरकन आत गेला.

"हिला आवाज हाय?" सासूबाईंनी ह्यांना विचारलं.

पैसे अगदी पूर्ण निघाले. मी ते दोनदा मोजले. पण भावजींकडे पाठ करून, पदराआड. कुणाच्या तोंडावर मोजायला मला बाई लाज वाटते.