बिनटाक्याचं ब्लँकेट

अकोल्यात मे महिन्यात नळाचं पाणी थेट चहाला चालेल इतकं तापतं आणि दुपारी माणसं कूलरसमोरून हलायला तयार नसतात. अशा दिवसांत ब्लँकेट करायला घेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे नातं असं, की त्यात माणूस निवडता येत नाही आणि परतही करता येत नाही.

साडू सरकारी मोजणीदार होते. उभा जन्म लोकांच्या वावरांच्या हद्दी मोजण्यात गेला, त्यामुळे मोजून न सुटणारं काही जगात असतं हे त्यांना मान्यच नाही. आमच्याकडे अमरावतीला जेवायला बसले की पोळीवर वीत ठेवतात आणि माझ्या बायकोला म्हणतात, "सुनीता, मागच्या खेपेपेक्षा अर्धं बोट कमी हाये." निवृत्तीनंतर त्यांना दरवर्षी एक नवा उद्योग सुचतो, आणि तो फोनवरच्या एखाद्या व्हिडिओतून सुचतो. एका वर्षी त्यांनी दिवाणाखाली अळिंबी लावली. ती उगवली नाही, पण असा वास सुटला की शेजारचे लोक मेलेला उंदीर शोधायला आले. पुढच्या वर्षी पत्र्याच्या पेटीची सूर्यचूल केली. सकाळी नऊला ठेवलेलं वरण दुपारी चारला आमच्या पुढ्यात आलं. मी म्हटलं, "भाऊ, डाळ शिजली नाई." तर म्हणाले, "दात हायेत ना तुमाले?" दर वेळी मी ठरवतो की यापुढे ह्या माणसाच्या कशातही पडायचं नाही, आणि दर वेळी दुसरं टोक धरायला मीच उभा असतो.

तर गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, साडू आमच्या दारात रिक्षातून उतरले. डोक्याला पांढरा दुपट्टा, बगलेत भलंमोठं गाठोडं. सोडलं तर आत दोन रंगांचं फ्लीसचं कापड निघालं, एक निळं, एक पिवळं. लोकरीसारखं मऊ आणि नुसतं पाहूनच घाम फुटावा असं. "याचे धागेच निघत नाईत," ते म्हणाले. "दोन कापडं एकावर एक ठेवायची, चारी कोपऱ्यांचे चौकोन काढून टाकायचे, कडेनं दोन-दोन बोटांच्या पट्ट्या कापायच्या, अन् वरची पट्टी खालच्या पट्टीले बांधायची. झालं ब्लँकेट! ना सुई, ना दोरा."

"अन् हे अकोल्यात काहून नाई केलं?" मी विचारलं.

साडूंनी डोक्याचा दुपट्टा सोडून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "तुमची ताई गाठोडं उघडूच देत नाई."

ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. अकोल्यात तिचा शिवणवर्ग होता. निम्म्या मोहल्ल्याच्या मुली तिच्या हाताखाली ब्लाउज बेतायला शिकल्या. दीड वर्षापूर्वी तिला लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण मांडीवर ठेवलेला असतो. डॉक्टरांनी बोटांना काम द्यायला सांगितलं, रबरी चेंडू दिला. तो तिने खिडकीतून फेकला. "मनलं, सुई तं धरता येत नाई, गाठ तं येईन," साडू म्हणाले. "तं मनते, टाका नाई ते काय शिवणं हाये? मी इथीसा, तुमच्याकडे, शिकून तयार करतो अन् तिच्यापुढं ठेवतो. पाह्यलं की मन होईन."

ह्यावर नाही म्हणणं मला जमलं नाही. जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं गेलं. साडूंनी खिशातून टेप काढला आणि खडूने खुणा करायला लागले. मी दुसऱ्या टोकाला. जरा कापड हललं की, "साडूभाऊ, हद्द सरकून राहिली!" मी हद्द धरून दीड तास उभा. पंख्याखाली खडू उडतो म्हणून पंखा बंद. मग कात्री चालली, मग गाठी सुरू झाल्या, आणि साडूंच्या गाठी म्हणजे एकदा मारून, दुसऱ्यांदा मारून, शेवटी दाताने ओढलेल्या. एक बाजू पुरी झाल्यावर त्यांनी विजयाने ब्लँकेट उचललं, आणि त्याच्यासोबत टेबलावरचा मेजपोसही उचलला गेला. त्यांनी तिन्ही कापडं एकत्र कापून एकत्र बांधली होती.

मी हसलो. मग बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं. तो मेजपोस ताईने आमच्या वास्तूला भरून दिला होता. कडेने जाईचा वेल, एकेक पान वेगळ्या हिरव्या रंगाचं. तिला आता तसा दुसरा भरता येणार नव्हता. एक अख्खी कड झिरमिळ्या होऊन साडूंच्या गाठींत अडकली होती.

त्या दिवशी मी साडूंना बोललो. अळिंबी, वरण, सगळं काढलं. "एक काम धड करत नाई तुमी, अन् सोडतही नाई!" ते खुर्चीवर बसून राहिले, टेप गुंडाळत, उलगडत. मी रागाने कात्री उचलली, तर बायको म्हणाली, "आता कोनी काही कापायचं नाई. जसं हाये तसं ताईले नेऊन दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी आणि साडू एसटीने अकोल्याला निघालो. वर ठेवायला जागा नव्हती म्हणून ब्लँकेट आमच्या दोघांच्या मांडीवर. मूर्तिजापूरला एक म्हातारी चढली, तिने आमच्याकडे कीव येऊन पाहिलं आणि विचारलं, "कोणाले थंडी वाजून राहिली, बाप्पा?" साडूंनी खिडकीकडे तोंड केलं, मी कंडक्टरकडे. आमचं भांडण अजून चालू होतं.

ताईने ते मांडीवर घेतलं. वेल ओळखला. डाव्या हाताने एकेक गाठ चाचपत शेवटापर्यंत गेली. मला वाटलं, आता रडेल.

"ह्या गाठी कोनं मारल्या?"

"मीच," साडू म्हणाले.

"बैल बांधता का तुमी?" ती म्हणाली, आणि एका गाठीला भिडली. डाव्या हाताने ती हलेना. तिने उजवा हात उचलून गाठीवर ठेवला, बोटं घसरली, पुन्हा ठेवला. साडू पुढे झाले, तर म्हणाली, "हात लावू नका. तुमीच तं करून ठेवलं." चहा थंड झाला. ती गाठ सुटली तेव्हा साडू भिंतीकडे तोंड करून दिनदर्शिका वाचत होते. ती मागच्या महिन्याची होती.

पूर्ण कड सोडवायला तिला बारा दिवस लागले. मेजपोस आमच्याकडे झिरमिळ्यांसकट परत आला आणि आता तसाच असतो. ब्लँकेटच्या चारी बाजू मग तिनेच बांधल्या, साडूंना जवळ न येऊ देता.

दिवाळीनंतर ते ब्लँकेट साडू स्वतः आमच्याकडे घेऊन आले. म्हणाले, "तुमच्या घरी सुरू झालं, तुमच्याच घरी राहू द्या." अमरावतीची थंडी ती केवढीशी, पण पहाटे लागतं. ताईच्या गाठी सैल आहेत. रात्रभर पांघरलं की दोन-चार सुटतात. साडू फोन करून विचारतात, "गाठी टिकल्या ना?" मी सांगतो, "एक नाई सुटली, भाऊ." मग सकाळी उन्हात बसून मी त्या पुन्हा बांधतो, फार घट्ट नाही, तिने बांधल्या होत्या तेवढ्याच.